ठमीचा मोजा

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आत एक ससा तपासत होते. खिडकीतली नर्स औषधांच्या पट्ट्या कापत होती, पण कान सगळे बाहेरच्या बाकाकडे.

“काय झालंय हो काकू, तुमच्या कुत्रीला?” मांजरवाल्याने विचारलं.

“ठमीला? आई झालीय. पिल्लांशिवाय.”

“म्हणजे?”

“माज येऊन गेला की होतं म्हणे कधीकधी. सगळा हार्मोन्सचा खेळ. पोटात काही नसतं, पण दूध येतं. माझ्या लेकाचा मोजा पिल्लू समजून पोटाशी घेऊन बसते. नुसती बेल वाजली तरी थरथरते.”

“शिकवलेलं ऐकते ना?”

“छे! ‘बस’ म्हटलं तरी ढिम्म. पण मोजा कुठेही लपवा, बरोबर हुडकते. एरवी समोरचा चेंडू दिसायचा नाही बाईसाहेबांना.”

“लेक ओरडत असेल, मोज्यावरून.”

“तो कुठला ओरडतोय? परदेशात असतो. जाताना जोडीतला हा एक पलंगाखाली राहिला.”

“मग उपाय काय?”

“मोजा नजरेआड करा, आपोआप विसरेल, म्हणाले डॉक्टर. ठेवला कुलपात.”

“विसरली?”

“घराच्या दाराशी जाऊन बसायला लागली. तिथे आधीच मी बसलेली असते.” काकूंनी पर्स जवळ ओढली. “दिला परत काढून.”

आतून डॉक्टरांचा आवाज आला, “ठमीचा मोजा काढून घेतला का, विचार गं!”

ठमीचं नाक पर्समध्ये खुपसलेलं होतं.

“घेतलाय म्हणतात, सर,” नर्स म्हणाली, आणि पर्सबाहेर लोंबणारा मोजा आत सारायला तिने काकूंना डोळ्यांनीच खुणावलं.