आरशावरचा ओरखडा

— आणि त्यावर तुम्ही म्हणता, ‘चालायचेच’! मेव्हणे, चालायचेच म्हणून चपला चालतात, दुर्बिणीचा आरसा चालत नाही. या असे खिडकीपाशी. काच तिरकी धरा — बोटे नकोत, कडेने धरा — दिसला ओरखडा? मध्यापासून थेट काठापर्यंत. शिसारी येते मला त्याकडे पाहून. काच गुळगुळीत होत आलेली, पिठासारखी पूड घालून, तुम्ही नसताना मी एकटाच सावकाश घासतो आहे, आणि एकाएकी करकर! का? तर तुम्ही मोठ्या हौसेने ओतलेली ती प्लास्टरची चकती — घासायचे हत्यार म्हणे! — तिच्यावर चिकटवलेल्या टाइलांतली एक निखळली आणि काचेखाली फरफटली. चकती कसली, चहात बुडवलेले बिस्कीट ते.

कारण शोधले का, म्हणून विचारता? शोधणारच. माझी शाळा सुटली, वाचन सुटले नाही. प्लास्टर ओले राहिले असेल? नखाने टोकरून पाहिले — दगड आहे. वॉर्निश कमी पडले? तेही नाही, पाण्याचा थेंब वरच्या वर उभा राहतो. मग उरले काय, तर टाइला चिकटवायचा तुमचा गोंद. दोन नळ्यांतला तो गोंद तुम्ही सारखा कालवला नसणार. घाई! तुमच्या मुलाचे फोन येतात ना रोज — बाबा, कधी येता, खोली रंगवून ठेवली आहे. आरसा झाला की मुलाकडे राहायला निघालोच, असे सगळ्या गल्लीला सांगून झाले आहे तुमचे. मला मात्र वाण्याकडून कळले.

काय? एका ओरखड्याने चित्र बिघडत नाही? ठाऊक आहे. पुस्तकात अगदी तसेच लिहिले आहे — दुर्लक्ष करावे, चकाकी द्यावी, मोकळे व्हावे. मला ते मान्य नाही. मला किळस येते असल्या ‘मोकळे व्हावे’ची. पुन्हा भरड पुडीपासून आरंभ करायचा. सगळे टप्पे, रविवारचे रविवार. पिंपावर चकती ठेवून त्याभोवती फिरत तुम्ही घासायचे, मी पाणी शिंपडायचे — तुमची ताई गेल्यापासून चालत आले आहे तसे. त्यात तुमचे काय अडते? नातवंडे काही पळून जात नाहीत.

ती टाइल खाली ठेवा. उलटी करून काय पाहता? हो, प्लास्टरचा टवका घेऊन आली आहे — गोंद धरून होता, मान्य, म्हणून तो चांगलाच होता असे ठरत नाही. कडेला कोणती खाच? ती... पेचकसाची असेल. फटीत पूड अडकते, ती उकरावी लागते, माणूस जरा जोर लावतो — घासण्यापूर्वी लावतो, नंतर लावतो, त्याची काय नोंद ठेवायची? असे पाहू नका माझ्याकडे.

फोन वाजतो आहे तुमचा. घ्या.

इथे नको. बाहेर जाऊन घ्या, आणि जाताना दार ओढून घ्या.