ढगहरणाचा खांदा

मामा – ...आणि हे पंख कशावर अडकवलेस? खुंटीवर?

भाची – मामा, थट्टा नको. तिसऱ्यांदा परत आलंय हे चित्र.

मामा – चार वर्षांनी दवाखान्याची पायरी चढलीस, तीही असलं जनावर घेऊन. एवढी थट्टा तर करू दे. आहे काय हे?

भाची – ढगहरीण. मुलांच्या पुस्तकासाठी. अंग हरणाचं, पंख घुबडाचे. संपादकबाईंनी एका शाळेत पोरांना दाखवलं, तर एक मुलगी म्हणाली, "पंख नंतर चिकटवलेत." आज पाचपर्यंत नीट करून पाठवलं नाही, तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार.

मामा – पोरगी हुशार आहे.

भाची – आणि मी?

मामा – तू जनावरांची डॉक्टरकी दुसऱ्या वर्षातच सोडलीस. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय. कंपाउंडर, इकडे ये रे!

भाची – कुत्र्याचं नाव कंपाउंडर?

मामा – माझ्याआधी पेशंट तोच हुंगतो. हात ठेव त्याच्या खांद्यावर. आता मी त्याचा पाय पुढेमागे करतो. काय लागतंय हाताला?

भाची – खांद्याचं पातं... सरकतंय. कातडीखाली अख्खं हाड सरकतंय.

मामा – धडाला कुठे जोडलंय ते?

भाची – हाडाने कुठेच नाही. नुसत्या स्नायूंनी तोललेलं असतं. हरणाचंही तसंच.

मामा – म्हणजे शिकलेलं सगळंच धुऊन गेलं नाही. आणि नेमका त्याच पात्यावर तू पंख बसवलास. पाय टाकला की पंख हलणार, पंख हलला की पाय अडखळणार.

भाची – मग मागे घेऊ? पात्याच्या मागे, बरगड्यांवर?

मामा – घे. पण तो पंख ओढणार कोण? कबुतराची छाती चाचपून बघ एकदा. सगळी ताकद तिथे असते. तुझ्या हरणाची छाती म्हणजे रिकामा डबा.

भाची – खोल करते. नावेच्या तळासारखी. अशी?

मामा – अजून. हं. आता मानही भर, डोकं पेलायला.

भाची – मान भरली तर बैल दिसेल.

मामा – नाजूक हवंय की उडायला हवंय?

भाची – दोन्ही. मान नाही भरणार. डोकं लहान करते आणि पोट आत घेते. पुढचा भार तसाही कमी होईल.

मामा – ...होईल खरा. हे मला नसतं सुचलं.

भाची – पण तरी मेलेलंच वाटतंय रे.

मामा – टेबलासारखं उभं आहे ना, चारही पायांवर सारखं. माझ्याकडे येणारं प्रत्येक जनावर कुठला तरी पाय सांभाळून उभं असतं. याला दुखतं कुठे?

भाची – गोष्टीत तसं काही नाही.

मामा – जनावर तरी कुठे सांगतं? आपण ओळखायचं.

भाची – डावा पंख. लहानपणी पडलं होतं. म्हणून अजूनही उतरताना सगळा भार उजवीकडे टाकतं.

मामा – काढ तसं.

(भाची खोडते, पेन्सिलीने पुन्हा काढू लागते.)

भाची – मामा, शिक्षण सोडल्याचं सांगून निघाले, त्या दिवशी दार मी नव्हतं आपटलं. वाऱ्याने आपटलं. परत येऊन सांगणार होते, पण तुझा चेहरा आठवला आणि तशीच घरी गेले.

मामा – मला वाटलं, दवाखान्याला लाथ मारून गेलीस.

भाची – तुझ्यामागे हा मी चालवावा, असं तुझ्या मनात होतं. मला झेपणारं नव्हतं ते. सुई टोचायला माझा हातच धजायचा नाही.

मामा – त्या कपाटातली निळी वही काढ.

भाची – ही तर माझी! दुसऱ्या वर्षाची. पण इतकी मळली कशी?

मामा – लोकांना जनावराचं दुखणं समजावताना हीच उघडतो. छापील पुस्तकातलं कुणाच्या डोक्यात शिरत नाही, तू काढलेलं कळतं. दर वेळी वाटायचं, पोरीचा हात कशासाठी आहे, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. फोन करायचा तेवढा राहिला.

भाची – चार वर्षं?

मामा – चार वर्षं. पाठव ते चित्र, पाचला दहा कमी आहेत.

भाची – फोटो काढून पाठवलं... अगं बाई, लगेच फोन! स्पीकरवर टाकते. बोला, बाई.

संपादिका – अहो, याच्या डाव्या पंखाला काय झालंय?

भाची – लहानपणी पडलंय ते. नको असेल तर बदलते...

संपादिका – हात लावू नका! आमचे शिपाईकाका मागून बघत होते. म्हणाले, आधी त्याला खाली बसू द्या, दमलंय. ऐका, पुस्तक तुमचंच. पण गोष्टीत पुढे त्याची आई येते, गाभण. तीही अशीच दिसली पाहिजे. जमेल?

भाची – जमवते, बाई. नक्की जमवते.

मामा – ठेवला फोन?

भाची – ठेवला. पण मामा, गाभण हरीण मी आणू कुठून?

मामा – हरीण नाही, उद्या दहाला एक गाभण शेळी येतेय तपासायला. तिची मालकीण सारखी विचारते, आत पिल्लू कसं बसलंय म्हणून.

भाची – मग तिला मी चित्र काढून दाखवू?

मामा – म्हणून तर सांगतोय. येताना जुने बूट घालून ये.