पेंडीची चकली

मंडळी, जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलेले — हो, तुम्हीच! टेकलेल्या माणसाला कीर्तनात आधी झोप लागते, आणि घरी जाऊन तो सांगतो की समाधी लागली होती. या पुढं. बायाबापड्यांनो, तुम्ही पण या. पंगतीला अजून अवकाश आहे. भाजीचा वास आला म्हणून लगेच चुळबुळ करायची नाही.

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. अवघड नाही. उसाचा रस काढला, काय राहिलं? चिपाड. चहा गाळला, काय राहिलं? चोथा. शेंगदाण्याचं तेल काढलं? — पेंड! बरोबर. हुशार आहात. आता पुढचं सांगा. एखादी वस्तू टाकाऊ झाली, हे कधी ठरतं? तिच्यातलं सगळं संपल्यावर, का आपली तिच्याकडची गरज संपल्यावर?

एकमेकांकडं बघू नका! असू द्या. मलाही येत नव्हतं उत्तर. बावीस वर्षं फेटा बांधून उभा राहतोय, हार घालून घेतोय, आणि हे उत्तर मला शिकवलं घाण्यावरच्या एका बाईनं. चारचौघांत माझी फजिती करून शिकवलं. ती फजितीच आज सांगतो. हसू आलं तर हसा, मला सवय आहे.

तर ऐका. डोंगराच्या पायथ्याला काटेबोरगाव म्हणून गाव. तिथं बब्रुवान देशमाने यांचा लाकडी तेलघाणा. आजोबांपासूनचा, चिंचेच्या लाकडाचा. पूर्वी बैल फिरवायचा, पुढं मोटार बसवली. बैल सुटला — बब्रुवान मात्र जुंपलेलाच राहिला! तेल असं, की फोडणी टाकली तर तिसऱ्या घरातून विचारायचे, आज काय बेत? पण आता लोकांना पिशवीतलं तेल पाहिजे. का? तर त्या पिशवीवर बाईचा हसरा फोटो असतो. बब्रुवान कधी हसलेला मी पाहिला नाही, त्याचं तेल कसं खपणार?

अशात हमरस्त्यावर एक मोठं हॉटेल झालं. त्याचा मालक गाडीतून उतरला, घाण्याभोवती फिरला आणि म्हणाला, "हा मला द्या. हॉटेलच्या दारात उभा करतो. गावाकडचं वातावरण वाटतं. माणसं याच्याबरोबर फोटो काढतील."

बब्रुवाननं होकाराची मान डोलावली. म्हणाला, "दिवाळीपर्यंत राहू द्या. दिवाळी झाली की घेऊन जा."

मंडळी, ज्या घाण्यानं तीन पिढ्या पोसल्या, त्याला आता दारात उभं राहून फोटोला हसायचं! घरात आल्यावर बब्रुवाननं बायकोला सांगितलं. बायकोचं नाव सोजरबाई. उंचीनं एवढीशी, पण बोलायला लागली की समोरचा आपोआप बसतो.

ती म्हणाली, "शबुद दिला?"

"दिला. घाणा चालत न्हाई, मग काय करू?"

"घाणा चालत न्हाई, का तेल खपत न्हाई? ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत. घाण्यातनं दोन चिजा निघत्यात. तुमी एकीलाच माल म्हणता."

दुसरी चीज कोणती? पेंड! ती जायची गुरांना. पोत्यात भरायची, कोपऱ्यात लोटायची, कुणी म्हशीवाला येईल तेव्हा घेऊन जाईल. पण घाण्यावरच्या लेकरांना एक गुपित माहीत असतं. घाण्यातून निघालेल्या ताज्या पेंडीचा तुकडा गुळाबरोबर खाल्ला की पेढा मागं पडतो. सोजरबाई माहेरच्या घाण्यावर अशाच पेंडीवर वाढलेली. तिनं ठरवलं, दिवाळीच्या आत ही पेंड माणसांच्या ताटात घालायची. घातली तर घाणा राहील, नाहीतर जाईल हॉटेलच्या दारात.

बचतगटातल्या चौघी जमवल्या. शेंगदाणे एकेक निवडून घेतले, घाणा धुऊन पुसून घेतला. ताजी पेंड वाळवली, दळली, चाळली, भाजणीत मिसळली. तीळ, ओवा, तिखट, मीठ. आणि सासूनं शिकवल्याप्रमाणं वरून कडकडीत तेलाचं मोहन. पीठ मळलं, सोऱ्यात भरलं, पहिली चकली कढईत सोडली — आणि चकली गेली! कुठं गेली? तेलात विरून गेली. नुसता गाळ! झारा घालून पाचजणी शोधतायत, चकली काही सापडेना. दुसऱ्या दिवशी मोहन निम्मं केलं. निम्मी चकली गेली, निम्मी राहिली. चौघी म्हणाल्या, "सोजरबाई, ही पेंड म्हशीलाच बरी."

सोजरबाई उठली नाही. पेंडीच्या पिठात हात घातला, मूठ भरली, आवळली. मग हात उघडून बघितला. तळहात तेलानं चकाकत होता.

"बायांनो," ती म्हणाली, "मोहन हितंच हाय की. घाण्यानं समदं काडलंच न्हाई. आपुन आंधळ्यावानी वरनं वततोय."

तिसऱ्या दिवशी मोहनाचा थेंब घातला नाही. आणि काय चकली उतरली महाराज! काटा न् काटा उभा. मोडली की आवाज ओसरीवर.

झालं, असं वाटलं ना? आपल्या लोकांची ओळख नाही अजून तुम्हाला! बाजारात सोजरबाईनं पाटी लावली: पेंडीची चकली. पहिलाच माणूस आला, पाटी वाचली आणि म्हणाला, "मावशी, संगट कडबा बी देता का?" सगळा बाजार हसला. दुसऱ्यानं म्हशीसारखं हंबरून दाखवलं. तीन आठवडे पाचजणी भरले डबे घेऊन गेल्या आणि भरलेच डबे घेऊन आल्या. त्यातली एक तर डोक्यावरून पदर पुढं ओढून घरी यायची, की कुणी ओळखू नये.

तालुक्याला प्रशिक्षण देणारे एक साहेब होते. चांगला माणूस, कळकळीनं म्हणाला, "ताई, माल उत्तम आहे, नाव बदला. प्रोटीन चकली म्हणा. हातोहात खपेल."

सोजरबाई म्हणाली, "सायेब, खाल्ल्यावर कुणी सांगितलं की ही पेंडीची, तर माणूस म्हणंल बाईनं फसिवलं. माल पेंडीचा, नाव पेंडीचं."

बघा हं! नाव बदललं असतं तर महिनाभरात पैसा आला असता. आपण काय केलं असतं? आपण तर स्वतःचंच नाव बदललं असतं! पण ही हटली नाही.

आता कथेत माझी एंट्री. मृदंगबुवा, हसू नका, तुम्ही पण होता तिथं.

काटेबोरगावचा श्रावणातला सप्ताह. काल्याच्या कीर्तनाला मला बोलावलेलं. त्या गावची एक रीत आहे. काल्याच्या पंगतीला प्रत्येक घर एकेक पदार्थ देतं, आणि वाढताना भोंग्यावर नाव पुकारतात — अमक्यांची बुंदी, तमक्यांची वांग्याची भाजी. त्या पंगतीत नाव पुकारलं गेलं की पदार्थाला पंचक्रोशीत मान. आठवडाभर त्याचंच बोलणं. सोजरबाईनं मनाशी धरलं होतं, ही पंगत साधली तर साधली. पाच डबे चकल्या घेऊन ती मांडवात आली.

सप्ताहाचे पुढारी मुरलीधर आबा. त्यांनी झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, "सोजर, डबे गोठ्याकडं ठेव. आठ दिसावर पोळा आलाय, तवा कामाला येतील."

दुसरी बाई रडत घरी गेली असती. ही ताट घेऊन थेट माझ्यापुढं आली. मी नुकताच कीर्तनातून उतरलेलो. दोन तास काय सांगितलं होतं? काला! गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची शिळी भाकर, कुणाचं आंबट ताक, आणि देवानं सगळं एकत्र करून खाल्लं. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी, लोकांच्या डोळ्यांत पाणी. फेटा घामानं भिजलेला. भूक लागलेली. चकली बघून मी हात पुढं केला आणि विचारलं, "कशाची, माउली?"

"पेंडीची."

मंडळी, माझा हात मागं आला. खोटं सांगत नाही. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही. वर मी म्हणालो, "माउली, देवाच्या पंगतीला जनावराचं खाणं कसं चालेल?"

ताट काही तिनं खाली घेतलं नाही. म्हणाली, "म्हाराज, आठ दिसांनी पोळा हाय. पुरणपोळीचा पयला घास आपुन बैलाला देतो. मग उरल्याली पोळी आपुन खातो. त्या दिशी पुरण जनावराचं हुतं का?"

मी फेटा सावरला.

"अन आत्ता तुमीच सांगितलं, देवानं समद्यांच्या शिदोरीतलं खाल्लं. माजीच शिदोरी तेवढी कशाची हाय म्हून इचारतो का तुमचा देव?"

अख्खा मांडव ऐकत होता. मला सांगा, काय उत्तर देणार होतो मी? चार वेद जवळ असते तरी त्यात शोधायला वेळ नव्हता! मान खाली गेली. लाज वाटली, मंडळी. बावीस वर्षांत एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून पुढं आले लिंबाजीबुवा. कोण? विणेकरी! सप्ताहात आठ दिवस ज्याच्या गळ्यात वीणा असते तो माणूस. आपल्यात रीत काय आहे? कीर्तनकार कितीही मोठा असो, वीणा ज्याच्या गळ्यात त्याच्या पायाशी आधी वाकायचं. वय ऐंशी, तोंडात दात एक नाही. त्यांनी ताटातली एक चकली उचलली. वाढप्याकडून द्रोणात वरण घेतलं, त्यात बुडवली. भिजेपर्यंत शांतपणे थांबले. तोंडात टाकली, डोळे मिटले. हजार माणसं एका बोळक्या तोंडाकडं बघत उभी!

बुवा म्हणाले, "कुरकुरीत हाय का, ते दातवाल्यांना इचारा. चवीचं म्हणशील बाय, तर आनिक एक दे."

आणि दुसरी चकली वरणात बुडवता बुडवता वळून म्हणाले, "आबा, भोंगा चालू हाय न्हवं? मग पुकारा."

विणेकऱ्याचा शब्द! आबांनी घसा खाकरला. दोनदा खाकरला. आणि भोंग्यावर आवाज गेला, "पंगतीला... देशमान्यांची... पेंडीची चकली!"

पहिल्या रांगेत काहींनी पत्रावळीवर हात आडवा धरला. काहींनी बुवांकडं बघून घेतली. मग एकानं मोडली — कट्! दुसऱ्यानं मोडली. त्या आवाजानंच काम केलं. ज्यांनी हात आडवे धरले होते ते आता वाढणाऱ्याला हाका मारायला लागले. तिसऱ्या रांगेपर्यंत दुसरा डबा संपला. सहाव्या रांगेला पाचवा डबा खरवडून वाढला, आणि बायका तळाचा चुरा पदरात मागत होत्या. बाजारात हंबरणारा तो गडी, त्यानं तीन खाल्ल्या. मुरलीधर आबांनी सगळ्यांसमोर अर्धीच खाल्ली, मान राखायचा होता ना! पण जाताना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला हा एवढा तेलाचा डाग. आत दोन चकल्या! पेंडीतल्या तेलानं चोरी उघडी पाडली.

मी किती खाल्ल्या? ते सोडा. पण आधी सोजरबाईला हात जोडले, मग खाल्ल्या.

पुढं काय विचारता? सप्ताहाला आलेली माणसं अकरा गावांची. तोंडाला चव घेऊन घरी गेली, आणि घरून निरोप यायला लागले. दसऱ्यापर्यंत पाचाच्या चौदा बायका झाल्या. सकाळी दिवस उगवला की घाणा सुरू. सोजरबाईचा एकच नियम — आजची पेंड आज. उरलेली पेंड गुरांना, माणसांना शिळी नाही. चकली न्यायला आलेली माणसं तेलाच्या वासानं घाण्यापाशी थबकायची आणि किटली भरून न्यायची. जे तेल खपत नव्हतं, ते पेंडीनं खपवलं! दिवाळीच्या आठवड्यात तर घाण्याला दुपारची विश्रांती नव्हती. आणि मंडळी, बब्रुवान हसला म्हणे. साक्षीदार आहेत.

दिवाळी झाली. हॉटेलमालक ट्रक घेऊन आला, घाणा उचलायला चार माणसं घेऊन आला. बघतो तर घाणा फिरतोय! बब्रुवान पुढं झाला, हात जोडले, म्हणाला, "मालक, शबुद दिला हुता. मोडतो, माफ करा. घाणा मोकळा न्हाई."

मालक चिडला. चिडणारच, ट्रक रिकामा होता. तेवढ्यात सोजरबाई ताट घेऊन आली. "फोटू काडायचा आसंल तर काडा की. पर चालत्या घाण्याचा काडा."

त्यानं एक चकली खाल्ली. मग उभ्या उभ्या सहा खाल्ल्या. आणि ट्रक रिकामा परत गेला नाही, मंडळी! चकलीचे डबे भरून गेला. आज त्या हॉटेलच्या गल्ल्यापाशी मोठी बरणी आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: पेंडीची चकली. मोटारीतून उतरणारी माणसं नाव वाचून मागतात. कडबा कुणी मागत नाही.

म्हणा विठ्ठल विठ्ठल! अहो मोठ्यानं म्हणा, बाईनं गाव जिंकलंय!

म्हटलंत? छान. आता टाळ खाली ठेवा आणि माझ्याकडं बघा, कारण आता मी तुमच्याकडं वळतोय.

तुमच्या प्रत्येकाच्या घरी ओसरीवर कुणीतरी बसलेलं असतं. बाप असेल, आई असेल, नवऱ्यामागं परत आलेली आत्या असेल. चाळीस वर्षं घरानं त्यांना पिळलं. शेत त्यांनी केलं, लेकरं त्यांनी वाढवली, दुखणी त्यांनी काढली. आता आपण म्हणतो, त्यांचं काय राहिलंय, बसू द्या कोपऱ्यात. दोन वेळचं ताट देतो आणि समजतो की पुण्य केलं. अहो, ताट तर आपण म्हशीलाही देतो!

म्हातारपणी माणसाला भाकरीची एवढी भूक नसते. आपल्यावाचून अजून कुणाचं काही अडतं, याची भूक असते. मला हे सोजरबाईच्या ताटापुढून हात मागं घेतल्यावर कळलं. घरी गेलो तेव्हा माझी आई ओसरीवर बसलेली होती. तिच्याशी "जेवलीस का" सोडून मी किती वर्षं दुसरं बोललो नव्हतो, ते आठवेना.

तर आज घरी जाल तेव्हा पाया पडू नका, गोड बोलू नका. जवळ बसा आणि काहीतरी विचारा. खरोखर अडलेलं विचारा. विहिरीला पाणी कुठं लागेल, लोणच्याला मीठ किती घालू, धाकट्याचं लग्न या घरात जमवू का नको. आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका. वेळ लागेल. कुणी विचारून फार वर्षं झालीत, त्यांना आधी खरंच वाटणार नाही.