माया सोडलेली क्रँक

…आणि वर तो सायकलवाला मलाच विचारतो, "काका, क्रँक केवढी देऊ?" अरे, मला माहीत असतं तर तुझ्या दुकानात कशाला आलो असतो? डॉक्टर कधी पेशंटला विचारतो का, गोळी केवढी देऊ म्हणून? न्हावी विचारतो, केस केवढे ठेवू, हे मान्य. पण केस चुकले तर परत येतात हो! गुडघा परत येतो का? तुम्हीच सांगा.

थांबा, तुम्ही म्हणाल ह्या माणसाला ह्या वयात क्रँक कशाला हवी. सगळं सांगतो. मी शिंपी. त्यातही पँटवाला शिंपी. गल्लीत मला नावाने कुणी ओळखत नाही, 'पँटवाले काका' म्हणतात. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मी तोंड बघत नाही, कंबर बघतो. आणि आमची ही बँकेत कॅशियर. यंदा निवृत्त झाली. आता निवृत्त झालेली बायको काय करेल? घरी बसेल, दुपारी दुकानात डोकावेल, चार काज-बटणं करून देईल, अशी आपली माझी भाबडी समजूत. ही गेली आणि एकचाकी चालवायला शिकली!

एकचाकी हो! सायकल असते ना, तिचं पुढचं चाक काढा, हँडल काढा, ब्रेक काढा, चेन काढा… म्हणजे जे जे माणसाला वाचवतं ते ते काढा. उरलं काय? एक चाक, त्यावर दांडा, दांड्यावर सीट आणि सीटवर आमची ही! तळ्याकाठी एकचाकीवाल्यांचा क्लब आहे. रोज सकाळी जाते. परत येते ती गाल लाल, डोळे चमकताहेत, आणि तोंडात नुसतं आज आम्ही असे वळलो नि आज आम्ही तसे वळलो. 'आम्ही' म्हणजे ती आणि क्लब. मी त्यात नाही. मी इकडे सवयीने दोन कप चहा करून बसलेला. दुसरा कपही मीच पितो, पण खरं सांगतो, गोड लागत नाही. साखर तेवढीच असते हो. शेवटी ठरवलं, आपणही शिकायचं आणि तळ्याकाठी तिच्या बाजूने चालवायची. पुढे नको, मागे नको, बाजूने. बस, एवढंच मागणं.

आणि तिला न सांगता शिकायचं. एक दिवस एकदम बाजूला जाऊन उभं राहायचं… म्हणजे एकचाकीवर उभं राहता येत नाही हे तेव्हा माहीत नव्हतं.

तर गेलो दुकानात. चाक मिळालं, सीट मिळाली, आणि मग तो प्रश्न. एवढासा प्रश्न, क्रँक केवढी? क्रँक म्हणजे चाकाच्या मधल्या आसापासून पायडलपर्यंत ती लोखंडी पट्टी असते ना, ती. दोन बाजूंना दोन. दुकानदार फोनमध्ये बघत बघत, नाकातल्या नाकात, "हे बघा काका, लांब घेतली तर जोर कमी लागतो, ताबा राहतो, पण चाल हळू. आखूड घेतली तर पळते जोरात, पण ताबा जातो. नवीन माणसाला एकशे पंचवीस बरी." मी म्हटलं, माणसांच्या भाषेत बोल. म्हणाला, मिलिमीटर हो, पाच इंचाला जरा कमी.

झालं. इथे माझ्यातला शिंपी जागा झाला. पाच इंचाला जरा कमी म्हणजे अगदी अंगाबरोबर! उभ्या जन्मात मी कुणाला अंगाबरोबर शिवून दिलेलं नाही. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवायचं, त्याला माया म्हणतात. आज गिऱ्हाईक सडपातळ असतं, उद्या त्याचं लग्न होतं, परवा पोट सुटतं. माया असली की उसवून सैल करता येतं. नसली की गिऱ्हाईक रडतं आणि शिंपीही रडतो. मी टेप काढला, भर दुकानात स्वतःची आतली टांग मोजली, ती निघाली चांगली लांब, आणि म्हटलं, "एवढीच नको रे बाबा, जरा माया सोड." त्याने पहिल्यांदा फोनमधून मान वर केली. म्हणतो, "काका, माया तुमच्यावर आहेच, पण भाव फिक्स आहे!"

घेतली मी दीडशे मिलिमीटरची. आणि घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की क्रँक उसवता येत नाही.

आता ही तिकडे क्लबात असताना मी इकडे खाली पार्किंगमध्ये भिंत धरून. काय सांगू! पायडल वर आलं की गुडघा थेट पोटात. माझी मांडी आणि माझं पोट, इतक्या वर्षांत कधी भेटले नव्हते, ते आता दर फेरीला कडकडून भेटायला लागले. आणि जरा वळायला जावं तर खालचं पायडल फरशीला खर्रर्र घासायचं आणि मी भिंतीला. वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून विचारायच्या, काही हरवलंय का हो. रोज! काय हरवलंय ते कसं सांगू?

अशात आमचा मेहुणा उगवला. हिचा धाकटा भाऊ. जगात असा विषय नाही ज्यावर ह्याचं मत नाही, आणि असं मत नाही जे त्याने स्वतःच्या अंगावर करून बघितलंय. कमरेवर हात, मान तिरकी, "दाजी… मूळ चूक तिथेच आहे." मूळ चूक! म्हटलं, मूळ चूक तुझ्या बहिणीची आहे, पण पुढे बोल. "आखूड घाला, दाजी. शंभरची घाला. पाय कमी फिरतो, म्हणजे कमी दमता." ऐकायला किती बरं वाटलं! पुन्हा तोच प्रश्न, क्रँक केवढी, आणि पुन्हा मी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय. ह्यानेच पाना घेऊन बसवली. क्रँकेला डावी-उजवी असते, विजारीच्या पायांना असते तशी, हे त्याच्या गावीही नाही. मी चढलो, पाय मारला, चाक सुर्रकन गेलं गेटकडे आणि मी होतो तिथेच बसलेला, फक्त खाली सीट नव्हती. परत चढलो, तर पायडल आपलं आपण फिरत फिरत सुटलं आणि बुटासकट बाहेर आलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, प्रगती आहे."

संध्याकाळी लंगडत जेवायला बसलो. हिने विचारलं, काय झालं. म्हटलं, मशीनवर बसून पाय आखडला. ही आमटी वाढता वाढता शांतपणे म्हणाली, "मशीनवर बसून कोपर सोलवटतं होय? दुकानदाराने केवढी सांगितली होती?"

कळलं होतं हो तिला! पहिल्या दिवसापासून. कॅशियर होती ती, नकली नोट नुसत्या बोटांनी ओळखायची, मला काय ओळखणार नाही? मान खाली घालून म्हटलं, एकशे पंचवीस. "मग तीच लावा ना," म्हणाली, आणि भात पुढे केला.

लावली. आणि चालायला लागली! अहो, आधी भिंतीपासून खांबापर्यंत, मग खांबापासून गेटपर्यंत, आणि मग एका सकाळी गेटच्या बाहेर! वाऱ्यावर शर्ट फुगलाय, हात पंखांसारखे, आजी गॅलरीतून टाळ्या वाजवताहेत आणि मी एका चाकावर! मी! ज्याला स्टुलावर चढायला भीती वाटते तो! इतका हसत होतो की दूधवाला घाबरून बाजूला झाला.

तर एकदाचा मी तळ्याकाठी. ही म्हणाली, या. मी म्हटलं, आलो. आणि निघालो दोघं बाजू-बाजूने… किती वेळ? तळ्याचं पहिलं बाकडं येईपर्यंत. हिची क्रँक शंभरची, तिचे पाय भिंगरी, आणि माझी चाल आपली वरातीची. बघता बघता ही पुढे, मग वळणापाशी, मग दिसेनाशी. घरी एकटा चहा पीत होतो, आता एकटा पायडल मारत होतो. एवढं पडून, सोलवटून मिळवलं काय, तर तेच! रात्री हिला माझ्यासाठी हळू चालव, असं म्हणायला जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. पहिलं बाकडं गेलं. ही बाजूला. दुसरं गेलं. ही बाजूलाच. वळण आलं, गेलं, तरी ही बाजूला! पँटवाल्याची नजर आहे हो माझी, गेली तिच्या पायांवर. कालच्यापेक्षा गुडघा वर येत होता. म्हटलं, "अगं, तू क्रँक बदललीस?" आणि एवढं म्हणेपर्यंत तोल गेला आणि मी गवतात.

ही उतरली, माझ्या पाठीवरचं गवत झाडलं. "मोठी घातली," म्हणाली. "तुमच्याबरोबर यायचं तर थोडी माया सोडायला नको?"

डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही. जोरात पळायला निघालेली बाई, माझ्यासाठी आपणहून हळू झाली.

तेव्हापासून रोज जातो. बाजू-बाजूने. आणि ही बोलते! बँकेतलं बोलते, भावाचं बोलते, लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी आई तिला काय म्हणाली होती ते बोलते. मी गप्प. कारण मला हल्ली एक कळलंय, गवतात पडलो त्या दिवसापासून कळलंय, की मी तोंड उघडलं की पडतो! साधं 'हं' म्हटलं तरी चाक डगमगतं. त्यामुळे ओठ घट्ट, नजर समोर, पाय चालू. परवा तर ही चालवता चालवताच इतकी भरून आली, म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं मधे न बोलता ऐकून घेताय हो."

आता बोला. म्हणजे तुम्ही बोला… मला सोय नाही.