सरकीच्या ढिगावरून अल्मा-आता

—नाई नाई, उठू नका साहेब, चहा होऊ द्या, मी कुठं पळून राह्यलो, अन् पळाले पाय तं पाह्यजे ना—हे पाहा, मांडीपर्यंत पलास्तर. न्हाणीत घसरलो. लिहून घ्या, न्हाणीत. तं तुम्ही पासपोर्टच्या चौकशीले आले, मले माहीत आहे, पोलीस ठाण्याची सायकल दारात लागली तेव्हाच म्या वळखलं. कागद राहू द्या पिशवीत, कागदाची काय गरज, माणूस समोर बसला आहे. बबन लक्ष्मणराव ढगे, इथंच सेलूच्या जिनिंगमंदी फिटर, बहात्तर साली लागलो, अकरा वर्षं झाली. गुन्हा नाई, कोर्ट नाई, एकदा सायकलले दिवा नव्हता म्हणून तुमच्याच एका हवालदारानं पकडलं होतं, ते लिहू नका. परदेशी कायले चालले? बर्फावरून घसराले. हसता काऊन जी? रशियात कझाकस्तान म्हणून मुलूख आहे, त्यात अल्मा-आता शहर, शहराच्या वर डोंगर, डोंगरावर होटेल—अन् तिथं लोकं पायाले लांब लांब फळ्या बांधते अन् वरून खाली येते. मंग परत वर जाते. कामधंदा म्हणून नाई, सुट्टी म्हणून. आपल्याकडं सुट्टी भेटली तं माणूस सासुरवाडीले जाते अन् थकून येते. काय म्हणता? थांबा, सांगतो, क्रमानं सांगतो.

मैत्री मंडळाची स्पर्धा होती. रशियाचं मासिक येते ना आपल्याकडं, गुळगुळीत कागदाचं, पोरं पुस्तकाले कव्हर घालते त्याचं—त्यात छापून आलं होतं. पंधरा प्रश्न अन् शेवटी चार ओळी लिहायच्या, 'मला बर्फाचा डोंगर का पाहायचा आहे'. पहिल्या नंबरले बारा दिवस डोंगरावर, राहणं-खाणं-शिकवणं सगळं त्यांचं. दहा फेब्रुवारीले दिल्लीवरून विमान. आज सतरा जानेवारी. आता तुम्हीच हिशेब करा—तुमचा कागद या हप्त्यात नागपूरले गेला तं गेला, नाई तं विमान काई थांबत नाई सेलूच्या माणसासाठी. सगळं तुमच्या सहीवर येऊन अटकलं आहे, म्हणून तं सांगून राह्यलो सगळं खुलासेवार. पलास्तर? ते पाच फेब्रुवारीले निघते. डॉक्टर मार्च म्हणते. मी म्हणलं, तुम्ही तुमचं म्हणा, मी माझं करतो.

तयारी पाहा तुम्ही. भिंतीवर तो फोटो—लाल टोपीवाला—त्याचे गुडघे पाहा. वाकवलेले आहे. सगळं काम गुडघ्याचं आहे साहेब, जो माणूस गुडघा ताठ ठेवते तो गेला. मी एकेक फोटो भिंग लावून पाह्यला आहे. फळ्या तानबा सुतारानं करून देल्ल्या, जुन्या दरवाज्याचं सागवान, टोकं वाकवाले दोन दिवस उकळत्या पाण्यात ठेवली, नलूची आंघोळीची चूल अडली त्याच्यात—नलू म्हणजे आमची मंडळी, आता येईलच. बांधाले सायकलची ट्यूब. काठ्या बांबूच्या. तानबा म्हणे बबनराव, हे कायले? म्या सांगितलं. तो म्हणे, वरून खाली येते ते समजलं, पण वर काऊन गेले होते? आता अशा माणसाले काय सांगावं. संत्र्याची एक पेटी नेतो तिकडच्या लोकांसाठी, ठेचा नेतो, घोंगडीचा कोट शिवला आहे. नलूनं शिवला. थोडा आखूड झाला, खांद्यात बी बसत नाई, पण म्या काई म्हणलं नाई तिले, बाईनं मेहनत केली.

आता सवय कुठं करावी? सेलूत बर्फ कुठून आणता? तं माझं डोकं चाललं—जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी. पांढरी, उंच, हुबेहूब फोटोतल्यासारखी. एका रविवारी, जिनिंग बंद, ओमप्रकाश चौकीदाराले म्या म्हणलं, पट्टा पाहाचा आहे मशीनचा—हे लिहू नका—अन् मी अन् नलू आत गेलो. चढलो वर. फळ्या बांधल्या. गुडघे वाकवले. अन् सोडलं स्वतःले.

कंबरेपर्यंत आत गेलो. कापूस घसरू देत नाई साहेब, कापूस गिळते. अकरा वर्षं कापसात काढली अन् हे मले माहीत नव्हतं. तोंडात कापूस, नाकात कापूस, हाका मारल्या तं आवाज बाहेर जाईना. नलूनं पट्ट्याचा दोर टाकून वढलं. अन् वढता वढता म्हणे—अहो, पांढरं पाहून काऊन भुलता, सरकीच्या ढिगावर या. सरकी समजते ना? कापसातून रुई काढल्यावर बी राह्यते ते, आपण जनावराले घालतो. तिचा ढीग पडला होता मागं, मळकट, कोणी फोटो काढणार नाई असा. पण पाय ठेवला की खाली. म्या म्हणलं हे तं माझ्या बी डोक्यात होतं.

तं मी वरून आलो. आलो म्हणजे असा आलो का काय सांगू—पण खाली वजनकाटा होता. लोखंडी. तो फोटोत नसते. तं... हो. न्हाणीत नाई घसरलो. तुम्ही लिहिलं असन तं राहू द्या न्हाणीच, आता खाडाखोड नका करू.

मी तिथं पडलो, पाय असा वाकडा, अन् नलूनं माह्या पायाच्या फळ्या सोडल्या. मले वाटलं पाय पाहाले सोडते. तिनं लुगड्याचा काष्टा आवळला, फळ्या घेतल्या अन् ढिगावर चढली. म्या म्हणलं अवं, डॉक्टर—ती वरून निघाली. सरळ नाई आली, मोठी वळणं घेत आली, काट्याजवळ आली अन् बाजूनं निघून गेली, अन् थांबली. उभी. नवशिक्याले जमते कधी कधी. मंग अजून दोनदा गेली. तिसऱ्या खेपेनंतर बैलबंडी आणाले गेली माझ्यासाठी. आता रोज जाते सरकी आणाले, दोन-दोन तास लावते, म्हैस एकच आहे आमची. काय? नाव? नाव सांगितलं ना जी, बबन लक्ष्मणराव. थांबा तुम्ही, स्पर्धेचं राह्यलं.

फॉर्म दोन पाठवले होते घरातून. एक माझा. अन् एक तिचा, पाकीट एकच होतं, तिकीट तेवढंच लागे, म्हणून म्हणलं टाक तुझा बी. उत्तरं तिनंच शोधली दोन्हीची, ती मॅट्रिक आहे, मी सातवी—ते काई गुन्ह्यात येत नाई ना? पण त्या शेवटच्या चार ओळी ज्याच्या त्यानं लिहिल्या. मी चार ओळीच्या जागी सहा पानं लिहिली, जोडली मागून. तिनं काय लिहिलं माहीत आहे? 'बर्फात आवाज येत नाही म्हणतात. मला एकदा ते ऐकायचे आहे.' संपलं. मी लई हसलो. म्हणलं अवं नलू, आवाज येत नाई तं ऐकशील काय तू? तानबाले सांगितलं, तो बी हसला. मंग दसऱ्यानंतर पत्र आलं, इंग्रजीत. नलू वाचू लागली, अहो, यात असं लिहिलं आहे की—मी म्हणलं, लंबं नको लावू, नंबर लागला का नाई तेवढं सांग. लागला, म्हणे. झालं. मी त्याच दिवशी तानबाकडं गेलो. पासपोर्टचा फॉर्म नलूनंच नेला नागपूरले, माझा पाय असा. सोय पाहा सरकारची—माझा फोटो नाई लागला, सही बी नाई लागली. लोकं उगाच सरकारले नावं ठेवते.

आणा, दाखवा कागद, तुम्ही आल्यापासून तो हातात धरून बसले आहे. चष्मा द्या जरा, तो, खिडकीतला. हं... नलिनी. नलिनी बबनराव ढगे. बायकोच्या रकान्यात—नाई, हे वरच आहे. अर्जदार. हा फोटो कधी काढला तिनं? केस चापून बसवले आहे. पापणी हलली नाई बाईची.

...

तिनं सांगितलं होतं साहेब. म्हणजे, सांगून राह्यली होती. पत्र आलं त्या दिवशी. कोट शिवताना एकदा. पलास्तर बांधून आलो त्या रात्री जवळ येऊन बसली, म्हणे तुमचं झालं असन तं मी बोलू का. म्या म्हणलं, बोल, पण आधी हे ऐक—अन् मंग मीच. तुम्ही बी मघापासून हेच करून राह्यले होते का? तोंड उघडून बंद. मले वाटलं चहा गरम आहे. कोट आखूड झाला म्हणलं ना म्या? आखूड नाई झाला तो. तिच्या मापाचा आहे.

काय म्हणता—नवऱ्याची हरकत आहे का? असा नियम आहे? नाई? मंग काऊन विचारता? तुम्ही विचारलं, आता मले उत्तर द्यावं लागते. वाईट वाटलं. खोटं काऊन बोलू, लई वाईट वाटलं. लाल टोपीवाला मी होतो ना जी डोक्यात, तीन महिने. हरकत आहे म्हणलं तं तुम्ही कागद ठेवून द्यान, विमान जाईन, अन् बाई काई बोलणार नाई, ती बोलतच नाई, म्हणजे मी बोलूच कुठं—

नाई. हरकत नाई, लिहा. वर्तणूक चांगली, लिहा. बारा दिवस म्हशीचं मी पाह्यतो एका पायावर. संत्र्याची पेटी जाईनच.

फाटक वाजलं. नलू, ये. टोपलं ठेव तिथंच. हे ठाण्यातले साहेब आहे, तुझ्या चौकशीले आले. बस इथं, खाटेवर, मी सरकतो. काय सांगायचं ते तू सांग साहेबाले. मी मधात एक शब्द बोलत नाई. फक्त एवढंच का—

नाई. सांग.