मुलाखत मास्तराची, गाऱ्हानं माझं

नाई, पन मले एक सांगा बायांनो, नोकरी इंग्रजीच्या मास्तराची, अर्ज आमच्या मास्तराचा, उसना आनलेला कोट मास्तरच्या अंगावर, अन् प्रश्न कोनाले विचारा, तं मले? मी काय बिघडवलं होतं त्यायचं? चौथीच्या वर शाळा पाह्यली नाई मी, इंग्रजीतलं मले 'येस' अन् 'नो' एवढंच समजते, तेही पोरं ओसरीवर घोकतेत म्हनून कानावर पडलेलं... बस ना इंदुताई, दारात काऊन उभी? तुलेच तं पह्यले ऐकवा लागते, सारं तुह्या सल्ल्यानं झालं.

आता झालं कसं, मास्तरनं पेपरात वाचलं का आफ्रिकेत अॅबिसिनिया नावाचा देश हाय, डोंगराडोंगरायचा, अन् तिथल्या शाळांयले इंग्रजी शिकवाले हिंदुस्थानातले मास्तर पाह्यजेत. झालं! त्या दिवसापासून मानूस जमिनीवर नाई. विहिरीवर पानी शेंदताना इंग्रजी, जेवताना इंग्रजी, म्हैस दोहताना म्हशीले इंग्रजी. म्हैस आटली का नाई मंग? मी म्हनलं, करा, तुमाले कोन नेते तिकडं. तं नागपूरवरून बोलावनं आलं, मुलाखतीले या, अन् येताना बायकोले घेऊन या.

अन् तुमाले तं माहीतच हाय, लगन झाल्यापासून मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलातच राह्यली. औंदा कुठी चामोर्शीले बदली भेटली. दारात विहीर, हाकेवर बाजार, बोलाले तुमी साऱ्याजनी, अन् मांडवावर वालाचा वेल चढून राह्यला. त्या वेलाले फूल आलं अन् हा मानूस म्हनते आफ्रिका! मले नाई जायचं होतं. साफ सांगतो, नाई जायचं होतं. पन त्यायचं ते हरखलेलं तोंड पाहून नाई म्हनवत नव्हतं. तवा ही इंदुताई काय म्हनाली, "अवो मनकर्णा, नाई काऊन म्हनतेस? तू तिथी बसून फक्त रडगानं गाय. अशी किरकिरी बाई कोन साहेब आपल्या देशात नेते?" मले पटलं. मी रेल्वेत बसल्या बसल्या सारी गाऱ्हानी मनात मांडून ठेवली, पंगतीले पत्रावळी मांडाव्या तशी.

तं नागपूरले गेलो. मोठी खोली, टेबलामागं एक गोरी मडम, तिच्या बाजूले तिकडचे एक साहेब, काळा कोट, एकदम शांत मानूस, अन् कडेले खुर्शीदसाहेब, नागपूरचेच, ते इकडचं तिकडं सांगाले. मास्तरनं घोकलेलं सारं जिभेवर घेऊन ठेवलं होतं, नुसतं तोंड उघडाचा उशीर. मडमनं त्यायले नाव विचारलं, गाव विचारलं, अन् मंग चष्म्यावरून पाह्यलं कोनाकडं? माह्याकडं. खुर्शीदसाहेब म्हनाले, "भाभी, मॅडम विचारते, तुमी राहता तिथी कसं हाय?"

मी म्हनलं, आली वेळ. घ्या.

म्हनलं, कसं काय? आता कुठी गावात आलो, याच्या पह्यले सारा जंगल! दिवे नाई, रस्ता नाई, डाक्टर नाई, सांज झाली का वाघ अंगनातून जाते. मडम म्हने, "मंग तुमी काय करता?" काय करता म्हंजे? दार लावतो अन् टिनाचा डबा वाजवतो, त्याले तरी आमच्या घरात काय काम हाय? खुर्शीदसाहेबांनं सांगितलं, तं मडम त्या साहेबांकडं पाहून हसली. मले वाटलं, काऊन हसून राह्यली? मी तं गाऱ्हानं सांगून राह्यली होती ना!

म्हनलं हिले समजलं नाई, जरा वरचा सूर लावा लागते. म्हनलं, पानी लागलं का नाल्याले पूर, पूर आला का बाजार बंद, दिवाळीपर्यंत बाहेरचं मानूस दिसत नाई, उन्हाळ्यातच सारं वाळवून ठेवा लागते, वांगे वाळवा, मासोळ्या वाळवा, आंबाडी वाळवा, मोहफुलं वाळवा, वाळवता वाळवता मीच वाळली! मडमची मान अशी हलून राह्यली जशी कीर्तनातच बसली. "व्हेरी" का काय म्हनाली, मले नाई समजलं, पन मास्तरचा चेहरा खुलला. अवो, मी तं गाऱ्हानं सांगून राह्यली होती!

मंग साहेबांनं विचारलं, पह्यल्यांदाच, हळूच, "तिथले लोक तुमची भाषा बोलत?" कुठची वो? सारे गोंडीत बोलत. मी गेली तवा एक अक्षर समजेना, सोमारी नावाची शेजारीन रोज येऊन बोले अन् मी नुसती मान हालवो. मंग शिकली. नाई शिकून सांगता कोनाले? चुलीले इस्तव मागाचा, ताक मागाचं, भांडाचं... बिना भाषेचं भांडता येते का? खुर्शीदसाहेबांनं हे सांगितलं तं ते शांत साहेब असे हसले, असे हसले, रुमाल काढला डोळ्याले.

म्हनलं, हे काई खरं नाई. आता डायरेक मास्तरवरच या लागते. म्हनलं, मडम, माह्या नवऱ्याचं ऐका. याले मास्तर म्हनाची लाज वाटते मले. छडी हातात धरत नाई. पोरांयले इंग्रजी समजत नाई म्हनून वर्गात बेडकावानी उड्या मारते, हातापायावर रांगून अस्वल होते, धोतराले गुडघ्यावर भोकं, ते कोन शिवते? मी! कोनाच्याही घरी जमिनीवर बसून जेवते, मान नाई, रुबाब नाई. इकडं मास्तर माह्या पदराले वढून राह्यले, तिकडं मडम उठून उभी! म्हने, "बेडूक करून दाखवा." अन् दाखवला ना यानं! उसन्या कोटात! त्या खोलीत! मी पदरात तोंड लपवलं, अन् ते तिघंही टाळ्या वाजवून राह्यले.

सारी गाऱ्हानी संपली, बायांनो. मंग मी खरं बोलली. म्हनलं, साहेब, हे सारं जाऊ द्या, मले नाई यायचं. माह्या बाया इथी हायेत, माह्या वालाले आत्ता फूल आलं. खुर्शीदसाहेब थांबले. मंग त्यायनं हळूच सांगितलं. मडमनं मास्तरकडं पाह्यलं अन् काईतरी विचारलं, अन् खुर्शीदसाहेब माह्या कानाशी म्हनाले, "विचारते, बायको नाई आली तं एकटे जाल का?"

महिनाभर घोकलं होतं या मानसानं, महिनाभर! लांब लांब वाक्यं पाठ केलती. अन् सारं सोडून, माह्याकडं न पाहता, एवढंच म्हनाले, "नो, मॅडम."

त्या दिवसभरात मले समजलेलं तेवढंच इंग्रजी. खोटं काऊन सांगू, मले भरून आलं. पदर डोळ्याले लावला अन् माह्या तोंडातून निंगालं, "खुर्शीदभाऊ, इचारा जरा... वाल होते का म्हना तिथी?"

साहेब म्हने, "होते. पानी घालनारं मानूस पाह्यजे."

बाहेर आल्यावर खुर्शीदभाऊ सांगून राह्यले, "भाभी, इंग्रजी तं आलेल्या साऱ्यांयलेच येते. मागच्या खेपेचे मास्तर तिथी दिवे नाई म्हनून परत आले, अन् एकाची बायको रडून रडून त्याले घेऊन आली. ते टिकनारा मानूस पाह्यतेत. तुमी बोलाले लागल्या अन् मॅडमनं मले तवाच इशारा केला, हेच." तवाच! म्हंजे वाघाच्याच वेळी! मंग बाकीचं कायले बोलू दिलं मले? मी तं गाऱ्हानं सांगून राह्यली होती ना...

घे इंदुताई, हे मांडवाचं आता तुह्याकडं. शेंगा तोडजो, पन बियाले चार ठेवजो, मी नेतो सोबत. अन् दुसरा सल्ला देऊ नको माय, हात जोडतो. मी ठरवलं हाय, तिथी गेल्यावर घर गळो, थंडीनं दात वाजो, कोनी कसंही विचारो, मी म्हनन, लय छान हाय, लय छान. एक गाऱ्हानं सांगितलं अन् आफ्रिकेत पाठवलं, दुसरं सांगितलं तं अजून कुठी पाठवतीन, काय नेम हाय?