साहेबाच्या हाकेला ओ

नळाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी, म्मा दिनेओ आणि म्मा कागो, रिकाम्या बादल्या घेऊन.

“गावसभेला का नाही आलीस, म्मा कागो?”

“लेकरू तापलं होतं गं. गावाशेजारी येणारे ते कॅसिनोवाले काय म्हणाले, म्मा दिनेओ?”

“म्हणे, पाणी सगळ्यांना पुरेल. शेवटी त्यांच्या साहेबानं आपल्यासारखीच पावसाची हाक दिली, ‘पुला!’ अख्खं गाव गप्प. या हाकेला कुणी ओ दिली नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.”

“बरी जिरवली!”

“एकानं दिली. तुझ्या नवऱ्यानं.”

“त्याला काम देणार आहेत तिथं. किती दिवस घरी बसवू त्याला?”

“कसलं काम?”

“आहे काहीतरी, तिथलंच.”

“अगं, बोल ना. कसलं?”

“हिरवळीला पाणी घालायचं.”